ते हात माझ्यावरच होते

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे. सध्या माझा मुक्काम परभणीतल्या एका ऑनलाइन सेंटरमध्ये, तुटक्या वायरींच्या खोक्यात आहे. माझ्या जागी बिनवायरीचा नवा गडी बसला आहे. बसू दे बापड्याला. मी रडगाणं गायला आलेलो नाही. माझ्यावर काय काय लिहिलं गेलं, ते मला ताठ मानेनं सांगायचं आहे.

कुठल्याशा कारखान्यात पुष्कळ भावंडांबरोबर माझा जन्म झाला. सगळ्यांना सारखीच बटणं, सारखीच वायर. कोण कुणाच्या हाती पडणार, हे आम्हाला कोणी विचारत नाही. मला सेंटरचे मालक महारुद्र यांनी आणलं, बटणांवर मराठी अक्षरांचे स्टिकर चिकटवले आणि सुकेशनीताईंच्या पुढ्यात ठेवलं. ताई तिथं टायपिंग करायच्या. सातबारा, दाखले, पीकविमा, निराधारांचे अर्ज, सगळं माझ्या अंगावरून गेलं. एकदा माझ्यावर अख्खा कप चहा सांडला. ताईंनी मला उपडं करून पंख्यापुढं वाळवलं आणि दुसऱ्या दिवशी मी पुन्हा कामाला हजर होतो.

आमच्या सेंटरची एक पद्धत होती. टाइप केलेला मजकूर गिऱ्हाइकाला मोठ्यानं वाचून दाखवायचा, त्यानं मान डोलावली की खाली नाव घालायचं आणि मगच पुढं पाठवायचा. बाकावर बसलेल्या सगळ्यांना सगळ्यांचे अर्ज ऐकू जायचे. त्याचं कुणाला काही वाटत नसे.

दुपारी गर्दी ओसरली की ताई स्वतःसाठी लिहायच्या. त्यांनी ‘उंबऱ्याबाहेरून’ नावाचा ब्लॉग काढला होता. त्यावर स्वतःचं नाव मात्र घातलं नव्हतं. पहिला लेख चारठाण्याच्या जुन्या देवळांवर लिहिला. काय वाहवा झाली म्हणून सांगू! ‘सर, अभ्यासपूर्ण लेख’, ‘सर, जिल्ह्याचा अभिमान वाटला’. लिहिणारा कोणी निवृत्त प्राध्यापक असावा, असं लोकांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. मला फार हसू यायचं.

मग ताईंनी आपल्या माहेरच्या गावच्या भंडाऱ्यावर लिहिलं. गावाचं नाव त्यांनीही दिलं नव्हतं, मीही देणार नाही. त्या भंडाऱ्यात साऱ्या गावाला पत्रावळी मिळतात. ताईंच्या वस्तीनं मात्र ताट घरून आणायचं आणि शाळेच्या भिंतीकडेला बसायचं. ताईंची आई, लक्ष्मीबाई, वर्षानुवर्षं पदराखाली ताट झाकून नेत होत्या. शेवटी ताईंनी, त्या आईची लेक म्हणून, एवढंच विचारलं होतं, “पत्रावळ जेवण झाल्यावर फेकूनच द्यायची असते. मग ती माझ्या आईला दिल्यानं बिघडतं काय?”

झालं! ‘सर’ म्हणणारे एका दिवसात गायब झाले. आता शिव्या येऊ लागल्या. किती पैसे मिळाले, गावाची बदनामी करते, धर्मात नाक खुपसते, गावात ये म्हणजे दाखवतो. काही तर मी तुमच्यापुढं उच्चारणार नाही. हे सगळं माझ्याच भाऊबंदांवर बोटं आपटून लिहिलेलं होतं, आणि एकाच्याही खाली खरं नाव नव्हतं. त्या प्रश्नाचं उत्तर तेवढं कोणी दिलं नाही.

ताईंची बोटं जड झाली. स्वतःसाठी त्यांना भीती नव्हती. पण आई गावात एकटी राहत होती. उद्या कुणाला कळलं तर तिला दुकानातला किराणा बंद, गिरणीत दळण बंद, बोलणं-चालणं बंद. एका दुपारी त्यांनी तो लेख उघडला आणि पुसून टाकण्याच्या बटणावर बोट ठेवलं. मित्रांनो, मला तेव्हा तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

तेवढ्यात दारातून आवाज आला, “बाई, एक लिवायचं काम हाय.”

दत्तराव! त्याच गावच्या भंडाऱ्याचे पुढारी. ताईंनी त्यांना लगेच ओळखलं. त्यांनी ताईंना ओळखलं नाही. ताटं घेऊन भिंतीकडेला बसणाऱ्या पोरींची तोंडं त्यांनी कधी नीट पाहिलीच नव्हती. समोरच्या लोखंडी खुर्चीत बसून त्यांनी मोबाइल पुढं केला. वर्णनावरून गाव ओळखून पुतण्यानं पुण्याहून पाठवलेला ताईंचाच लेख होता तो.

“ह्याच्या खाली लिवायचंय. मला काई ते मराठी टायपिंग जमत न्हाई.”

“सांगा,” ताई म्हणाल्या.

“लिव. असलं लिवणाऱ्या बाईचे हात तोडून गावच्या येशीला टांगले पाहिजेत.”

  ताईंनी शब्दन् शब्द टाइप केला. मग पद्धतीप्रमाणे खुर्चीत सरळ बसून त्यांनी तो मजकूर मोठ्यानं वाचला.  बाकावर निराधारच्या अर्जासाठी बसलेल्या नर्मदाबाई उठूनच उभ्या राहिल्या.

“अगं माय! कुणाचे हात तोडायलेत बाप्पा?”

दत्तराव वरमले. “मोठ्यानं कामून वाचायलीस?”

“इथली पद्धत हाय काका. खाली नाव काय टाकू?”

“नाव नगं. एक गावकरी, असं लिव.”

“गावकरी तर मी बी हाय,” ताई म्हणाल्या. आणि त्यांनी आपले दोन्ही हात माझ्यावरून उचलून दत्तरावांच्या समोर धरले. “मी लक्ष्मीबाईची लेक, सुकेशनी. ते मीच लिवलंय. हे बघा ते हात. तुमचं बी ह्याच हातांनी लिवलं. आता नाव सांगा, म्हंजे पाठवते.”

दत्तरावांनी मोबाइल ओढून खिशात घातला. अंधारातून दगड मारायला आलेलं सगळं शौर्य त्या लोखंडी खुर्चीत आकसून बसलं होतं. शेवटी ते उठले. दाराशी वळून म्हणाले, “तुझी माय गावात राहती. ध्यानात ठेव.”

ते गेले. मजकूर पडद्यावर तसाच होता. ताईंनी आईला फोन लावला आणि झालेलं सगळं सांगितलं. पलीकडचं बोलणं मला स्पष्ट ऐकू येत होतं.

“आई, तू म्हणशील तर काढून टाकते. तुला तरास नको.”

“काढती कशाला? खोटं हाय का ते?”

“खरं हाय. पण आता मी माझं नाव टाकणार. तुला लय बोलतील.”

लक्ष्मीबाई जराही थांबल्या नाहीत. “बोलू दे. आतापर्यंत काय आरती ओवाळायलेत का? आन् नुसतं तुझंच नाव कामून? ताट मी नेत होते. माझं बी नाव टाक, आन् माझ्या नावाखाली लिव की औंदा मी ताट नेणार न्हाई.”

मित्रांनो, माझ्या आयुष्यात पुष्कळ अर्ज टाइप झाले, पण सगळे विनवणीचे. ‘कृपया’नं सुरू होणारे, ‘आपली नम्र’नं संपणारे. त्या दुपारी पहिल्यांदा माझ्यावर नावानिशी, विनवणी नसलेलं वाक्य उमटलं. एकेक अक्षर ताईंनी असं दाबलं की माझे स्टिकर निघायची वेळ आली. मला त्याचा केवढा अभिमान वाटला!

मला पुसा, धूळ झटका, असं मी तुम्हाला सांगणार नाही. जीव मुठीत धरून खरं बोलणारा माणूस नाव लपवतो, त्याला सांभाळा. दुसऱ्याचा जीव मुठीत धरणाराही नाव लपवतो, त्याला भिऊ नका. त्याला फक्त त्याचंच वाक्य मोठ्यानं वाचून दाखवा आणि विचारा, खाली नाव काय टाकू?

तो लेख अजून तिथंच आहे. शिव्या अजून येतात. लेखाखाली नावं आहेत: सुकेशनी आणि लक्ष्मीबाई. आणि त्यांच्या खाली, लक्ष्मीबाईंनी ताट नेलं नाही त्या भंडाऱ्यानंतर, वस्तीतल्या बायकांनी एकेक करून घातलेली आपली नावं.