सापडलेला अंगठा

रोझेरचा अंगठा मी शोधला नसता, तर आमचा क्लेम मंजूर झाला असता. हे माझ्या मनाचं नाही. विमा कंपनीच्या पत्रात तेच लिहिलंय, फक्त सभ्य भाषेत.

घरामागे आमची लाकडी कौलांची छोटी गिरणी आहे. माझा नवरा रोझेर करवतीवर सीडरच्या लाकडाचे ठोकळे कापतो, मी कौलांचे गठ्ठे बांधते. दहाही बोटं शाबूत ठेवून म्हातारा झालेला करवतवाला आमच्या खोऱ्यात मी पाहिलेला नाही. शेजारच्या ओनेझिमकाकांना दोन्ही हातांची मिळून सहा आहेत, तरी पत्ते पिसण्यात त्यांचा हात कोणी धरत नाही. तुटलेलं बोट इथे कोणी शोधत नाही. ते भुशाबरोबर जातं.

मार्चमध्ये रोझेरच्या डाव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट एकदमच गेलं. काका त्याच्या हाताला टॉवेल गुंडाळत होते आणि मी गुडघ्यांवर बसून भुसा उपसत होते.

"गिल्बर्ट, सोड ते. गेलं ते गेलं," काका मला म्हणाले.

"तुमच्यासाठी शोधणारी कोणी नव्हती, म्हणून बोलताय."

बोट सापडलं नाही, अंगठा सापडला. फडक्यात बांधून, गोठवलेल्या ब्लूबेरीच्या पिशवीवर ठेवून, अँब्युलन्समध्ये पाच तास मी तो मांडीवर घेऊन बसले. सर्जनने तो जोडला. मला कोण अभिमान वाटला! चर्चमध्ये भेटेल त्याला मी रोझेरचा हात उचलून दाखवत होते.

अंगठा जगला, पण नावापुरता. वाकत नाही, टाचणी टोचली तरी कळत नाही.

आमच्या दोघांच्या नावावर एक अपघात पॉलिसी होती. ते पैसे आले असते तर रोझेर पुन्हा करवतीवर बसणार नव्हता. पेन्शनला तीन वर्षं राहिली होती, तेवढी कशीतरी निघाली असती. अर्जावर पंजाचं चित्र होतं, गेलेला भाग काळा करायचा. रोझेरने पेन घेतलं आणि बोट काळं केलं. अंगठ्यापाशी थांबून माझ्याकडे पाहिलं.

"तो आहे की," मी म्हटलं. "खोटं कशाला लिहायचं?"

नोव्हेंबरात पत्र आलं. एका हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट, दोन्ही मुळापासून गेली तरच पैसे. नुसत्या बोटाला काही नाही. मी फोन लावला. रोझेर समोर बसून धिरडं खात होता म्हणून स्पीकरवर ठेवला.

"जोडलेला अंगठा म्हणजे असलेला अंगठा, मिसेस थेरियो," ऑफिसातली बाई म्हणाली.

"अहो, पण तो मेल्यातच जमा आहे."

"मला कळतंय हो. पण कागदावर तो आहे. अपघातापासून वर्षाच्या आत डॉक्टरांना काढावाच लागला, तर पुन्हा अर्ज करा."

रोझेरने धिरड्याची घडी केली, खाल्ली, आणि ताटली धुऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी तो करवतीवर बसला. ठोकळा निसटे, तो पुन्हा धरी. गठ्ठे बांधताना मला मान वर करवत नव्हती.

जानेवारीत त्याच्या डाव्या हातमोज्याचा अंगठा उसवलेला दिसला. कुठे अडकला असेल, म्हणून मी विणून दिला. दोन दिवसांनी पुन्हा उसवलेला. मीच विणलेली वीण, ती अशी सुटत नाही. थंडी उणे तीस होती.

मी गिरणीमागे गेले. तो लाकडांच्या ढिगावर बसला होता. हातमोजा घातलेला, फक्त अंगठा बाहेर. पांढराफटक पडला होता.

"किती वेळ बसलायस?"

"बघतोय नुसतं," तो म्हणाला. "दुखत नाही, गिल्बर्ट. खरंच दुखत नाही. मार्चपर्यंत वेळ आहे."

मला भयंकर राग आला. आणि रागाखाली लाज होती, कारण क्षणभर मीही महिने मोजले होते. मी कोटाची बटणं काढली, त्याचा हात ओढून काखेत घट्ट दाबला. बर्फाचा तुकडा ठेवावा तसा चटका बसला. त्याला काहीच कळत नव्हतं, सगळं मलाच कळत होतं.

"हा तुझा नाहीये," मी म्हटलं. "तू तर टाकून आला होतास. शोधला मी. माझा आहे हा."

"मग करवतीवर कोण बसणार? हा?"

"मी बसते. काका शिकवतील. तू गठ्ठे बांध."

अंगठा अजून गार लागत होता.

"आणि तुझं बोट गेलं तर?"

पॉलिसीवर नावं दोघांची आहेत, हे त्यालाही ठाऊक होतं.

"तर शोधू नकोस," मी म्हटलं.