सीतादहीचा भात

राळेगावकडच्या आमच्या गावात चर्चचं चार एकर वावर आहे. त्यातला कापूस निघून विकला गेला तरच चर्च पैसे देणार आणि महिला गटाची डाळगिरणी उभी राहणार होती. गटाची अध्यक्ष मी, विमल. म्हणजे बाया जमवायच्या मी, पास्टरांची समजूत घालायची मी आणि दोन्हीकडून बोलणी खायची तीही मीच. गिरणी झाली की उन्हातली वेचणी सुटेल, एवढ्याच आशेवर दिवस ढकलत होते.

कापूस फुटून लोंबायला लागला आणि बाया बांधावर बसून राहिल्या. सीतादही झाल्याशिवाय वेचणी नाही म्हणे. पहिल्या वेचणीला मालकानं वावरात दहीभात आणायचा, चिमूटभर मातीला द्यायचा, मग सगळ्यांनी मिळून जेवायचं, ही इकडची रीत. नवे पास्टर रजत शहरातून आलेले. त्यांना त्यात मूर्तिपूजा दिसली.

"पंचफुलाबाई, तुम्ही तर बौद्ध," ते वेचणाऱ्यांतल्या सगळ्यात वडील बाईला म्हणाले. "तुम्हाला कशाला हवं हे?"

"देवाचं मले काय करायचं जी? आमी दहीभातासाठी बसून राह्यलो."

चर्च ते वावर चकरा मारून माझा जीव नकोसा झाला. शेवटी पास्टर तयार झाले: मातीला काही द्यायचं नाही, त्याऐवजी प्रार्थना. बायाही हो म्हणाल्या. मी दही लावलं, भात रांधला आणि पातेलं डोक्यावर घेऊन वावरात गेले.

प्रार्थना लांबली, तरी कुणी कुरकुरलं नाही. आमेन झाल्यावर मी पळसाच्या पानांवर भात वाढला. पास्टर म्हणाले, "जेवा तुम्ही," आणि बांधावर उभं राहून मोबाइल पाहू लागले.

कुणी घास उचलेना.

"पास्टरसाहेब, बसा ना," मी म्हणाले.

"माझा नाश्ता झालाय, ताई."

पंचफुलाबाईंनी आपलं पान बाजूला सरकवलं. "मालकच बसला नाही, त मंग कायचं सीतादही?"

"मी बसते ना!" मी घाईनं म्हणाले. "वावर चर्चचं आहे आणि चर्च माझंही आहे." बोलता बोलता मोठा घास तोंडात घातला.

कुणी हसलं असतं तरी बरं वाटलं असतं. पंचफुलाबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"तू मालकीण असती विमल, त तुले गिरणीची कायले गरज पडली असती वं?"

बाया उठून रस्त्याकडे निघाल्या. तोंडातला घास तसाच ठेवून मी पानांवरचा भात पातेल्यात भरू लागले.