डोंगरावरचे मासे

धक्क्यावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. शंखबुवा कानाला शंख लावून, डोळे मिटून उभे होते. महिनाभर त्यांनी सांगितलेल्या जागी जाळी टाकली की बोटी भरून येत होत्या. समुद्र बुवांशी बोलतो, तेही थेट अक्षांश-रेखांशांत, याचं कुणाला नवल वाटत नव्हतं. बुवांची अट एकच होती: सरकारी मत्स्य संशोधन केंद्राचा नंबर प्रत्येकाने मोबाइलवर ब्लॉक करायचा.

आज आकडे सांगून झाल्यावर बुवा घुमू लागले.

"केंद्रातल्या त्या शास्त्रज्ञ बाईने पाण्यात तो पिवळा तरंगता बोया सोडलाय. समुद्राच्या पोटात सुई टोचलीय तिने. आज समुद्र एक जीव घेणार."

बोटीवरच्या खलाशांचा म्होरक्या असलेल्या तांडेलाचा धाकटा भाऊ पहाटेच समुद्रावर गेला होता. तांडेलाच्या डोक्यात सणक गेली. वल्हं उचलून तो सगळ्यांच्या पुढे धावला.

केंद्राचं दार मोडलं. नमुन्यांच्या बरण्या फुटल्या, काचांत मासे विखुरले. शास्त्रज्ञ बाईंना केसांना धरून फरफटत बाहेर आणलं. तांडेलाने वल्हं हाणलं. बाईंनी आडवा धरलेला हात काडकन मोडला.

"बुवांनी आज कुठली जागा सांगितली?" तोंडातलं रक्त थुंकत बाईंनी विचारलं.

तांडेलाने गुरकावत आकडे सांगितले.

"नकाशात टाकून बघा. ती जागा दीपगृहाच्या डोंगरावर आहे. मासे कुठे मिळतील याचा अंदाज आम्ही रोज पहाटे मोबाइलवर फुकट पाठवतो. उपग्रह पाण्याचा रंग आणि तापमान टिपतो, बोया ते ताडून बघतो. आज टंकताना माझा एक आकडा चुकला. तासाभरात दुरुस्तीही पाठवली. बुवांनी पहिलाच संदेश वाचलेला दिसतो."

तांडेलाने मोबाइलवर आकडे टाकले. ठिपका डोंगरावर उमटला.

बुवा मागच्या मागे सटकत होते. लोकांनी धरलं. कफनीतून मोबाइल निघाला, त्यात केंद्राचे महिनाभराचे संदेश. मग बुवांवर लाथा पडू लागल्या. दात पडले, कान फाटला. तांडेलाने पुन्हा वल्हं उगारलं.

"मघाशी मला विचारलं असतंत, तर माझा हात शाबूत असता," बाई म्हणाल्या. "याला मारून कुणाला काय कळणार आहे?"

तांडेलाने वल्हं टाकलं आणि बुवांवर ओणवा झाला. चार लाथा त्याच्या पाठीत बसल्या, तेव्हा कुठे गर्दी थांबली.

दुपारी भाऊ सुखरूप परतला. तोवर पोलीस आले होते. बाईंचा हात कुणी मोडला, असं त्यांनी विचारलं.

"मी मोडला," तांडेल म्हणाला. "आकडे तपासायला दोन मिनिटं लागली. ती मी आधी काढली नाहीत."

ती दोन मिनिटं आपण सगळ्यांनीच काढायला हवीत. सांगणारा कितीही मोठा असो, त्याच्या शब्दावर हात उचलण्याआधी एवढंच विचारा: तुम्हाला हे कळलं कसं?