काजळीची वाचा

"चावायच्या आधी गुरगुरली होती का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"माझं कुत्रं गुरगुरत नाही," मास्तर म्हणाले. चाळीस वर्षं लोकांची कुत्री शिकवली, त्याचा ताठा आवाजातून अजून गेला नव्हता. "सहा महिन्यांची होती तेव्हाच मोडून काढलंय ते. गुरगुरली की साखळीला हिसका. तरी ऐकलं नाही, तर उताणी पाडून दाबून धरायची. मालक कोण, ते एकदा कळलं पाहिजे."

डॉक्टरीणबाई दिवा घेऊन काजळीच्या कानात पाहत होत्या. काजळी थरथरत होती, पुन्हा पुन्हा ओठ चाटत होती; पण तोंडातून हूं की चूं नाही.

"आत गाठ आहे. फार वाढलीय. नातीनं गळ्यात हात टाकले तेव्हा जीवघेणी कळ गेली असणार हिला. मास्तर, गुरगुरणं म्हणजे 'लांब हो, दुखतंय' एवढंच सांगणं असतं. तुम्ही हिची वाचाच घालवलीत. मग दातांशिवाय काय उरलं हिच्याकडे?"

मास्तरांनी आयुष्यात कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं. त्या दिवशी घेतलं.

नातीच्या मनगटाला सात टाके पडले होते. सून तिला घेऊन माहेरी गेली होती आणि मुलानं उंबऱ्यातूनच बजावलं होतं, "ती घरात असेपर्यंत आम्ही येणार नाही, बाबा."

गाठ काढण्यासारखी राहिली नव्हती. दोन महिने, फार तर तीन. वेदनेच्या गोळ्या, कानात थेंब. "आणि अंगावर जाऊ नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पाठमोरे बसा. खाऊ टाका. तिला यायचं तर येईल. तिनं मान वळवली की थांबायचं."

"म्हणजे लाड करायचे," मास्तर पुटपुटले.

घरी आल्यावर त्यांनी कडी लावायला हात वर केला आणि काजळी फरशीवर चपटी झाली, पोट वर करून पडली. गिऱ्हाइकांना ते हे कौतुकानं दाखवत: बघा, मालकाला कशी मानते! आज त्यांनी नीट पाहिलं. शेपूट पायांत होती. डोळ्यांचे पांढरे कोपरे दिसत होते. फरशीवर थोडी लघवी झाली होती.

मास्तर तसेच खाली बसले. नऊ वर्षं ते ज्याला मान समजत होते, ती नुसती भीती होती.

दुसऱ्या दिवसापासून ते ओसरीवर पाठमोरे बसू लागले. उकडलेल्या मांसाचे तुकडे मागे टाकत. पहिले काही दिवस मास्तर उठून गेल्यावरच ती खायची. मग ते असतानाही खाऊ लागली.

एके सकाळी थेंब घालायला त्यांनी कानाकडे हात नेला आणि काजळीच्या घशातून आवाज आला. अगदी बारीक, गंजल्यासारखा. मास्तरांनी हात असा काही मागे घेतला की बाटली घरंगळत गेली.

"बरं बाई, बरं. नाही घालत," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

कपडे न्यायला आलेला मुलगा दारात उभा होता. त्यानं सगळं पाहिलं होतं.

"मला कधी असं 'बरं' म्हणाला असतात, तर..." त्यानं वाक्य तिथंच सोडलं. पिशवी उचलली.

मास्तरांना त्याला थांबवायचं होतं. पण 'थांब' हा शब्द त्यांनी जन्मभर हुकमासारखाच वापरलेला. दुसऱ्या सुरात तो कसा म्हणतात, ते सुचेपर्यंत मुलगा रस्त्याला लागला होता.

पुढच्या महिन्यात काजळीनं अन्न सोडलं. डॉक्टरीणबाई इंजेक्शन घेऊन घरीच आल्या.

"धरायला माणूस बाहेर उभा आहे. बोलावू?"

"नको. येईल ती. तुम्हाला वेळ आहे ना?"

"आहे."

गुडघे कुरकुरत मास्तर जमिनीवर बसले. पाठमोरे, तळहात उघडा ठेवून. काजळीनं कोपऱ्यातून पाहिलं, मान वळवली. डॉक्टरीणबाईंनी सुई टॉवेलाखाली झाकली आणि त्याही भिंतीला टेकून बसल्या. समोरच्या घरात कुणी भांडी घासत होतं, ते संपलं. उन्हाची तिरीप फरशीवरून सरकली.

बऱ्याच वेळानं नखांचा आवाज आला. अडखळत, थांबत काजळी आली आणि तिनं आपलं जड डोकं मास्तरांच्या मांडीवर टेकलं.

मास्तरांनी डॉक्टरीणबाईंकडे पाहून मान हलवली. काजळीला कुणीही धरलं नव्हतं.