ट्रॅक्टरच्या पुढे

नवा छोटा ट्रॅक्टर घ्यायचा की नाही, यावर आमच्या घरात सहा वर्षं खल चालला होता. म्हणजे मी 'घेऊ या' म्हणायचे आणि हे 'बघू' म्हणायचे. यांच्या 'बघू'मध्ये माझी निम्मी हयात गेली. स्वयंपाकघराचं छप्परसुद्धा 'बघू' म्हणता म्हणता चार वर्षं गळलं होतं.

जुना ट्रॅक्टर आमच्या लेकीपेक्षा वयाने मोठा. चालू केला की टेकडीपलीकडच्या माणसाला कळायचं, यांचा नाश्ता झाला म्हणून. पण तो होता म्हणून आमचं घर होतं. घरामागे आठ एकरांचा उतार, निम्म्यावर फळझाडं, निम्म्यावर गवत. शिवाय मोठ्या रस्त्यापासून दारापर्यंत लांबलचक कच्ची वाट, ती दर वर्षी धुऊन जाते आणि खडी ओढून पुन्हा भरावी लागते. हाताने होण्यासारखं ते काम नाही. ट्रॅक्टर थांबला की घर विकून लेकीकडे जायचं, हे न बोलता ठरल्यासारखंच होतं. लेकीने तर आमच्यासाठी खोलीही रंगवून ठेवली होती. तिच्या घरी मी चार दिवस राहिले की पाचव्या दिवशी माझा जीव गुदमरतो.

आमची कामाची एक पद्धत होती. उतारावर मातीतून दगड वर येतात, म्हणून हे ट्रॅक्टरवर आणि मी दहा-बारा पावलं पुढे, हातात पहार. त्या धडधडीत बोललेलं ऐकू येत नाही, त्यामुळे सगळा कारभार हाताने. पंजा हलवला की या, मूठ वर केली की थांबा. विहिरीचा कठडा, वाकडं झाड, नाल्याचा काठ, या ठिकाणी मूठ. मधे दगड दिसला तर पहारीने उडवून मी पुढे व्हायचे, तेवढ्यासाठी कशाला थांबवायचं? बत्तीस वर्षं असं चाललं. नवऱ्याला एका मुठीवर थांबवणारी बाई म्हणून मी मैत्रिणींत मिरवलेही आहे. "तुमचे हे ऐकतात तरी," त्या म्हणायच्या. "ट्रॅक्टरवर असले की ऐकतात," मी म्हणायचे, "खाली उतरले की पुन्हा बहिरे."

यंदा जुन्याचं इंजिन बसलं. मिस्तरी हात पुसत म्हणाला, "काकू, आता याला हात जोडा." मग मात्र मी यांचं 'बघू' चालू दिलं नाही. गाडीत बसवलं आणि शोरूमला नेलं. गाडी मीच चालवत होते. दीड वर्षापूर्वी यांनी गुडघ्याचं कारण सांगून गाडीची किल्ली माझ्या हातात दिली होती. ट्रॅक्टरच्या क्लचवर तो गुडघा कधी दुखला नाही, यावरून मी त्यांची पुष्कळ चेष्टा केली होती.

विक्रेता पन्नाशीचा, पोट सुटलेला, जिभेवर साखर ठेवून बोलणारा. हे ट्रॅक्टरपाशी गेले आणि बॉनेटपासून मागच्या चाकापर्यंत हात फिरवत राहिले. मला वाटलं, आवडला स्वारीला.

"चालवून बघा काका," विक्रेता म्हणाला. "आवाज बघा किती कमी आहे."

शोरूमच्या मागे मोकळं आवार होतं, टोकाला तारेचं कुंपण. मी सवयीने पुढे झाले.

"अहो काकू, तुम्ही कशाला पुढे?"

"आमची पद्धत आहे ती," मी तोऱ्यात म्हटलं.

ट्रॅक्टर खरोखरच गुपचूप चालत होता. कुंपण जवळ आलं तशी मी वळले आणि मूठ वर केली. ट्रॅक्टर येतच राहिला. मी मूठ आणखी उंच केली. हे माझ्याकडे बघत होते, चेहरा शांत होता. म्हणून मी हललेच नाही, थांबणारच आहेत म्हणून उभी राहिले. मागे कुंपण होतं. पुढचं माती उचलायचं सुपडं मांडीला लागलं तेव्हा कुठे मी किंचाळले, विक्रेताही ओरडला, "काका, ब्रेक!" आणि ट्रॅक्टर जागच्या जागी थांबला. मी तारेवर बसकण मारलेली.

"तिला लागलं का हो? कुठेय ती?" हे विक्रेत्याला विचारत होते. मी त्यांच्या नाकासमोर होते, लालभडक स्वेटर घालून.

आम्ही गाडीत येऊन बसलो. मी किल्ली लावलीच नाही.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दोन वर्षं झाली. मधलं दिसत नाही गं. कडेचं दिसतं, त्यावर निभतं. समोर बघितलं की नुसता डाग."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"तू दाढ काढायला गेली होतीस, त्या दिवशी. म्हणाले, वाढत जाणार."

दोन वर्षं मी या माणसाला वेंधळे म्हणत होते. चहा कपाबाहेर गेला की तोंड सोडत होते. पेपर वाचायचा सोडला तेव्हा आळशी झालात म्हणाले होते. ते आठवून माझी मलाच लाज वाटली, आणि त्याच क्षणी अंगाचा तिळपापडही झाला.

"मग माझी मूठ?"

"ती कुठली दिसायला? पण जमीन पाठ आहे ना मला. विहिरीपाशी थांबायचं, झाडापाशी थांबायचं. तू तिथेच करायचीस मूठ."

"आणि मी कुठे आहे ते?"

"तुझी चाल ठाऊक आहे. त्या चालीने आणायचो."

"पाय घसरून पडले असते तर?"

 हे शर्टाचं बटण चाचपत राहिले. मग म्हणाले, "रोज मनात यायचं. आज सांगू म्हणायचो आणि गिअर टाकायचो. सांगितलं असतं तर तू खाली उतरवलं असतंस मला."

"हो, उतरवलं असतं! गाडी बरी सोडलीत? तिथे बरा गुडघा आठवला?"

"रस्त्यावर माणसं असतात गं."

बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्यांना कळलं. हात पुढे केला त्यांनी, पण तो माझ्यापर्यंत आला नाही, गिअरवर पडला. मी तो उचलला नाही. मी हमसून हमसून रडले, शोरूमच्या दारात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर.

घरी आल्यावर तीन दिवस मी यांच्याशी बोलले नाही. ताट वाढत होते, कुठल्या बाजूला काय आहे तेवढं सांगत होते. लेकीला फोनवर सगळं सांगितलं. ती आधी रडली, मग म्हणाली, "आई, विका आता." मी 'हो' म्हणणारच होते.

यांनी तर हातपाय गाळलेच होते. "विकून टाक," म्हणाले. "तू म्हणशील तसं." आयुष्यात पहिल्यांदा माझं ऐकायला निघाले, तेही असं.

चौथ्या दिवशी सकाळी मी विक्रेत्याला फोन लावला. ट्रॅक्टर घेते, पण चालवायला मला शिकवायचं, म्हटलं. आठ एकर वाचवायचे होते की यांना शिक्षा करायची होती, हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. दोन सकाळी मी त्या आवारात शिकले. हे घरीच होते.

आठवड्याने ट्रॅक्टर दारात उतरवला. माणसं गेल्यावर हे बाहेर आले. चाकाला धरून धरून सीटपर्यंत पोहोचले, सीटखाली बोटांनी चाचपलं, खटका सापडला आणि सीट पुढे सरकवली. हाताने पेडलपर्यंतचं अंतर मापलं, आणखी थोडी सरकवली. माझे पाय यांच्यापेक्षा आखूड आहेत.

"बस," म्हणाले.

मी चढले. पाय बरोबर पोहोचत होते. मला यांचा भयंकर राग येत होता, आणि खाली उतरून यांना पोटाशी धरावंसंही वाटत होतं. दोन्ही केलं नाही.

"मी कुठे उभा राहू?" यांनी विचारलं. "तुझ्या मधे नको यायला."

"घराच्या पायरीवर उभे राहा," मी म्हटलं. "तिथे मला दिसाल."

भिंतीला हात लावत गेले, पायरी चढले, वळले. आधी समोर तोंड करून उभे राहिले. मग मान हळूहळू एका बाजूला फिरवली, जणू दुसरीकडेच कुठेतरी बघताहेत, आणि तशीच धरून ठेवली. तसं केलं की कडेने मी थोडीफार दिसत असणार. मी किल्ली फिरवली.