धुराच्या पुंजक्यांची शर्यत

मी एक जुना टेबलफॅन आहे, मित्रांनो. जुना म्हटलं म्हणून लगेच नाक मुरडू नका. माझी तिन्ही पाती लोखंडाची आहेत, आणि आवाज म्हणाल तर तो शेजारच्या घरातही ऐकू जातो.

कारखान्यात एका बाईंनी माझ्या पात्यांचा तोल तीनतीनदा तपासला होता. तिथून मी विज्ञानाच्या एका मास्तरांच्या घरी आलो. बावीस उन्हाळे मी त्यांना वारा घातला. त्यांची मुलं माझ्यासमोर बसून 'आऽऽ' करायची आणि आपलाच थरथरता आवाज ऐकून खिदळायची. पुढे घरात एसी आला आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. सहा वर्षं नुसती धूळ खाल्ली. खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटलं.

मग मास्तर निवृत्त झाले आणि त्यांना विमानांचं वेड लागलं. खरी नव्हेत हो, हातभर लांबीची! मैदानाकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये दर रविवारी असे विमानवेडे जमत. गोंद लवकर वाळावा म्हणून मास्तरांनी मला तिथे नेलं, आणि माझं नशीबच उघडलं.

तिथे वाद एकच. विमान वर उचललं जातं ते कशामुळे?

मास्तर म्हणत, "पंखाची वरची बाजू फुगीर, म्हणून वरच्या हवेला लांबचा रस्ता. मागच्या कडेला तिला खालच्या हवेला गाठायचं असतं, म्हणून ती पळते. पळाली की दाब कमी, आणि पंख वर!"

"गाठायचं कशाला? शेवटची बस पकडायचीय का तिला?" हे फिटरकाका, मास्तरांचे जुने दोस्त. सगळा जन्म यंत्रांत गेलेला. "पंख हवेला खाली ढकलतो, हवा पंखाला वर ढकलते. संपला विषय!"

"तू आपला पाना फिरव!"

विषय काही संपत नसे. चहा गार होई, त्यात बुडवलेलं बिस्किट तळाशी जाई. मला भारी मजा यायची. वारा घालणारा मी, पण मला विचारतंय कोण!

तिसरी होती दातांची डॉक्टर, मास्तरांचीच जुनी विद्यार्थिनी. वाद पेटला की ती मान खाली घालून पंखाला कागद चिकटवत बसे.

एका रविवारी मास्तर म्हणाले, "उद्या माझ्या जुन्या शाळेत बोलावलंय. विमान कसं उडतं ते सांगायचंय. तीस वर्षं काढली तीच आकृती काढणार."

"पोरांना सांगण्याआधी एकदा डोळ्यांनी बघ तरी," फिटरकाका म्हणाले.

"बघूच या!" मास्तर हट्टाला पेटले.

पुठ्ठ्याच्या खोक्याला एका बाजूने काच लावली. माझा वारा सरळ जावा म्हणून तोंडाशी सरबताच्या नळ्यांची जुडी बसवली. आत पंख, त्याच्यापुढे धुमसती वात. डॉक्टर कागद हलवून धूर मध्येमध्ये तोडत होती, म्हणजे धुराचे पुंजके निघत. पंखाच्या पुढच्या टोकाशी प्रत्येक पुंजक्याचे दोन तुकडे होत, एक वरून जाई, एक खालून. मी एक नंबरवर, श्वास रोखल्यासारखा, अगदी एका लयीत फिरत होतो.

मोबाइलवर सगळं संथ करून पाहिलं. वरचा तुकडा कडेला पोचून पुढेही गेला होता. खालचा अजून वाटेतच होता. कुणी कुणाला गाठलंच नव्हतं.

मास्तरांनी तीनदा पाहिलं आणि ते मटकन खाली बसले. "तीस वर्षं," ते म्हणाले. "केवढ्या पोरांना सांगितलं मी हे!"

फिटरकाका आता मिशीला पीळ देणार, असं मला वाटलं. पण त्यांनी गुपचूप ताजा चहा पुढे केला.

डॉक्टर म्हणाली, "सर, वरची हवा पळते, दाब कमी होतो, हे खरंच आहे. आणि मागे ती खाली वळते, हेही दिसतंय. तुम्ही दोघंही बरोबर. गाठायची गोष्ट तेवढी चुकली."

"तुला माहीत होतं?"

"बारा वर्षं. पण तुम्हाला कसं सांगणार?"

"अगं, दात किडला तर सांगतेस ना लोकांना!"

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळेच शाळेत गेलो. मी फिटरकाकांच्या मांडीवर, काचेचं खोकं डॉक्टरच्या. मास्तर चाळीस मुलांसमोर उभे राहिले.

"मुलांनो, याच वर्गात तीस वर्षं मी एक गोष्ट चुकीची शिकवली. आधी त्याची माफी मागतो."

मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. "सर, मग आज सांगताय ते तरी बरोबर कशावरून?"

वर्गाच्या बाईंनी डोळे वटारले. पण मास्तरांचा चेहरा बघायला हवा होतात! "शाब्बास! हे मला कुणी कधी विचारलंच नव्हतं. ये, तूच पंखा लाव आणि बघ."

मित्रांनो, आमच्या कण्यात अधूनमधून दोन थेंब तेल घाला, एवढं तर मी मागणारच. पण आणखी एक ऐका. ज्याच्यावर तुमची माया आहे अशा माणसाची चूक दिसली, तर बारा वर्षं मान खाली घालून बसू नका. प्रेमाने सांगा. आम्ही जुने झालो असलो, तरी तेवढ्याने मोडत नाही.