आज प्रॉम्प्टिंग बंद

आमचे हे रंगमंचावर वाघ आणि खाली उतरले की मांजर. नाटकाचं वेड लग्नाआधीपासूनचं, पण पाठांतराच्या नावाने शंख. म्हणून मी विंगेत उभी राहून प्रॉम्प्टिंग करायला लागले आणि ती सवय घरापर्यंत आली. आमच्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकाने कुठली फ्रेम शोभेल विचारलं, तरी हे आधी माझ्याकडे बघतात.

लेकीचं लग्न ठरलं. जेवणाआधी मुलीच्या बापाने नवरा-नवरीसाठी दोन शब्द बोलायचे होते. मी लगेच भाषण लिहून काढलं. चांगलं झालं होतं, मीच सांगते. लेकीने ते वाचलं आणि मला परत दिलं.

"आई, हे तुझं आहे. मला बाबांचं हवंय," ती म्हणाली. "ते वाढदिवसाला फोन करतात ना, तेव्हासुद्धा मागून तुझी कुजबुज ऐकू येते."

मला राग आला. राग आला की मी भांडी घासते. त्या दिवशी घासलेलीच पुन्हा घासली. पण पोरीचं काही खोटं नव्हतं. लग्नात तोंड उघडणार नाही असं मी कबूल केलं. ह्यांना सांगितलं तेव्हा ह्यांचा चेहराच पडला. मग हे रोज दुकानात काचा पुसताना स्वतःशी पुटपुटायला लागले. काय ते विचारलं तर सांगेनात.

हॉलमध्ये मला पहिल्या रांगेत बसवलं, झगझगीत दिव्याखाली. ह्यांची सुरुवात झकास झाली. पाहुण्यांचं स्वागत केलं, जावयाच्या उंचीवरून चेष्टा केली, लोक हसले. मग "माझी मुलगी" म्हणाले आणि गाडी अडली.

सवयीने ह्यांनी विंगेकडे बघावं तशी मान वळवली. तिथे एक वाढपी उभा होता. त्याने गोंधळून पाण्याचा ग्लास पुढे केला. मी ओठ घट्ट मिटून रुमाल पिळत बसले. शांतता इतकी लांबली की विहीणबाई खोकल्या. शेवटी लेकीलाच राहवेना. माझ्याकडे वळून तिने नुसत्या ओठांनी विनवलं, आई, सांग ना.

मी नकारार्थी मान हलवली. तिला वाटलं मी हट्टाला पेटलेय. खरं म्हणजे पुढचं वाक्य मला येतच नव्हतं. ह्यांच्या मनात काय आहे ते मला ठाऊक नाही, असं पहिल्यांदाच घडत होतं.

तेवढ्यात ह्यांची नजर माझ्यावर पडली आणि तिथेच थांबली.

"पाठ केलेलं सगळं विसरलो," हे म्हणाले. "आता दिसतंय ते सांगतो. ही माझी बायको इतकी वर्षं अंधारात उभी राहून मला बोलतं करत आली. आवाज यायचा, तोंड कधी दिसलं नाही. मी अडलो की माझ्यापेक्षा तीच जास्त घाबरते, हे मला आज कळलं. पोरी, तू आईवर गेली आहेस. कुणासाठी कितीही कर, पण समोर बसून कर. आणि जावईबापू, तुम्ही माझ्याएवढा उशीर करू नका. तिच्याकडे बघत जा."

लेक उठली आणि ह्यांच्या गळ्यात पडली. टाळ्या थांबेनात. विहीणबाईंनी माझा हात धरून विचारलं, भाषण तुम्हीच लिहून दिलं होतंत ना?

"नाही हो," एवढंच कसंबसं म्हटलं आणि मला रडू फुटलं.